सुश्रुताच्या आड उभा असलेला कारागीर

प्लास्टिक सर्जरी भारताने जगाला दिली, हे विधान बरंचसं खरं आहे. एवढं आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी मेकॉलेच्या पंगतीत नेऊन बसवायला नको. माझं भांडण आहे ते त्या विधानाला हमखास जोडून येणाऱ्या दोन दाव्यांशी. एक, हे सगळं सुश्रुताचं. दोन, इंग्रजांनी ते आपल्याकडून चोरलं. व्याख्यानमालांमध्ये, गणेशोत्सवाच्या देखाव्यांत आणि सकाळी सकाळी मोबाइलवर येऊन पडणाऱ्या गौरवगाथांमध्ये यादी ठरलेली असते: शून्य, दशमान पद्धत, सुश्रुत, बुद्धिबळ, योग आणि शेवटी, धीर सुटल्यासारखं, विमान. यादी वाचणाऱ्याची मान ताठ होते. पण यातली एखादी गोष्ट नेमकी कुणाच्या हातून, कशी जगात गेली, हे विचारलं की गाडी अडते. सुश्रुताच्या नावापाशी तर ती अडायलाच हवी, कारण इथून लंडनला जी गोष्ट गेली ती पुण्याजवळची होती आणि ती करणारा माणूस वैद्यही नव्हता.

हकीकत अशी. तिसरं इंग्रज-म्हैसूर युद्ध १७९२ मध्ये संपलं. त्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. वर्षभर तो बिननाकाचाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात याबद्दलचं पत्र छापून आलं. खाली सही फक्त ‘बी. एल.’ एवढीच. सोबत कावसजीचं चित्र. ते त्या वेळी पुण्यात राहून काम करणाऱ्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या चित्रावरून केलेलं होतं. पेशवे दरबारातला इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयाने वेल्स इथे होता आणि आपल्या चित्रकार गंगाराम तांबटांनी त्याच्याबरोबर काम केलं होतं.

आता त्या पत्रातलं खरं वाचण्यासारखं. कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा घेतला आणि उरलेल्या नाकाच्या बुंध्यावर बसवून त्याला नाकाचा आकार दिला. मग तोच पत्रा सपाट करून रोग्याच्या कपाळावर ठेवला आणि भोवतीने रेघ मारली. रेघेच्या आतली कातडी सोलून काढली, पण दोन भुवयांच्या मधली एक चिंचोळी पट्टी मात्र मुद्दाम तशीच जोडलेली ठेवली. रक्त त्या पट्टीतून खेळत राहतं. तीच कापली तर कातडी मरणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग जुन्या नाकाची भरलेली कड तासून ताजी केली, तिथे चीर पाडली, कपाळाची कातडी वळवून खाली आणली आणि तिची कड त्या चिरेत खोवली. टाके नाहीत. सांधा धरून ठेवायला काय, तर कात. पानाच्या डब्यात असतो तोच कात पाण्यात कालवून फडक्याच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकीवर एक बसवायच्या. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापायची आणि नाक जरा बेतशीर करायचं. पत्रलेखक म्हणतो की हे बहुतेक वेळा यशस्वी होतं आणि नाक जवळजवळ मूळच्यासारखं दिसतं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम प्रत्यक्ष पाहिलं होतं, असंही पत्रात आहे.

आणि करणारा कोण? पत्रात त्याचं नाव नाही. विटा पाडणाऱ्या जातीचा माणूस, एवढंच. कावसजीचं नाव लंडनला पोचलं, बघायला आलेल्या डॉक्टरांची नावं पोचली, छापील चित्राबरोबर चित्रकाराचं पोचलं. ज्याने नाक बसवलं त्याची फक्त जात पोचली.

पहिला दावा इथेच तपासून घेऊ. सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात, कापलेलं नाक पुन्हा बसवण्याची कृती आहे, यात शंका नाही. पण ती नीट वाचा. तिथे माप घ्यायला झाडाचं पान आहे आणि कातडी घ्यायची ती गालाची. पुण्याजवळच्या माणसाने मेण वापरलं आणि कातडी घेतली कपाळाची. हा फरक किरकोळ नाही. कपाळाची कातडी जाडजूड, नाकाच्या कातडीशी जुळणारी, आणि भुवयांमधल्या पट्टीतून तिला रक्त मिळत राहतं. आजचे सर्जनसुद्धा नाकाचा मोठा भाग पुन्हा घडवायचा असेल तर कपाळाकडेच वळतात. म्हणजे ग्रंथ लिहिला गेल्यानंतर आणि कावसजीच्या आधी, मधल्या शतकांमध्ये कुणीतरी गाल सोडून कपाळ धरलं. कुणीतरी चुकत, शिकत, पुन्हा करून बघत पद्धत सुधारली. सतराव्या शतकातला मनुची हा इटालियन प्रवासी विजापूरकडच्या वैद्यांबद्दल लिहितो, तेव्हा तिथेही कपाळाचीच कातडी आहे. हिमाचलातल्या कांगड्यात तर नाकं बसवणारं घराणंच होतं, पिढ्यान्‌पिढ्या तोच धंदा. शोध म्हणतात तो हा. आणि तो ज्यांनी लावला त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्या यादीत नाही, कारण यादीत जागा फक्त ग्रंथकर्त्यांना आहे.

‘अहो, सुश्रुताचंच ज्ञान झिरपत त्या कारागिरापर्यंत गेलं असेल ना?’ असा प्रश्न येतो. असेलही. पण झिरपलं असं म्हणताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ज्यांनी ग्रंथ पाठ केला त्यांनी पाती खाली ठेवली होती. संहिता पोथ्यांमध्ये शाबूत होती, तिच्यावर टीका लिहिल्या जात होत्या, पण कापाकापी विटा पाडणाऱ्यांच्या आणि न्हाव्यांच्या हाती गेली होती. मनुस्मृतीने तर वैद्याच्या घरचं अन्न पुवासारखं ठरवून टाकलं आहे. प्रफुल्लचंद्र रायांनी १९०० नंतरच्या दशकात हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला, त्यात आपल्या विज्ञानाच्या ऱ्हासाचं एक कारण म्हणून नेमकं यावर बोट ठेवलं: डोक्याचं काम करणारे आणि हाताचं काम करणारे जातींनी वेगळे केले, आणि दोघांचंही नुकसान झालं. राय हे काही इंग्रजांचे भाट नव्हते. स्वदेशी रसायनांचा कारखाना उभा करणारा तो माणूस. त्यांचं हे म्हणणं शंभर वर्षांनंतरही आपल्या गौरवगाथांना पचलेलं नाही.

गंमत अशी की स्वतः सुश्रुताला हे आवडलं नसतं. ज्याला फक्त शास्त्र येतं आणि ज्याला फक्त कृती येते, त्या दोघांना त्याने एका पंखाच्या पक्ष्यासारखं म्हटलं आहे. शिष्यांनी भोपळ्यावर, काकडीवर छेद घेण्याचा सराव करावा, प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून मऊ झाल्यावर त्याचा थर न् थर पाहावा, असं सांगणारा तो आचार्य. त्याची पूजा करायची आणि त्याने सांगितलेली हाताची मेहनत ज्यांनी टिकवली त्यांना विसरायचं, हा सुश्रुताचा गौरव कसा म्हणावा? मेलबर्नच्या सर्जन मंडळींच्या इमारतीत सुश्रुताचा पुतळा बसला आहे, त्याचा मला आनंदच आहे. पण त्या पुतळ्याचा फोटो फिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी पुण्याजवळच्या त्या माणसाचं ऐकलं आहे?

आता दुसरा दावा, चोरीचा. चोर चोरी केल्यावर मालकाचा पत्ता छापत नाही. ‘जंटलमन्स मॅगझिन’ने गाव छापलं, जात छापली, कृती छापली, आणि ही पद्धत हिंदुस्थानात फार पूर्वीपासून चालत आली आहे असंही छापलं. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने या पद्धतीवर वर्षानुवर्षं विचार केला, प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी पहिली शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्याने पुस्तक काढलं, त्यात भारतीय पद्धतीचं श्रेय उघड दिलं. पुढे जर्मनीत ग्रेफेने १८१८ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि युरोपातली नाकाची शस्त्रक्रिया नव्याने उभी राहिली. या साखळीत चोरी कुठे दिसते? इंग्रजांनी इथे लूट पुष्कळ केली; महसुलाची केली, कापडाच्या बाजाराची वाट लावली. त्याबद्दल त्यांना हव्या तितक्या शिव्या घाला, मीही घालीन. पण ज्या एका गोष्टीत त्यांनी शिकून घेतलं आणि शिकवणाऱ्याचा देश मान्य केला, नेमकी तिथेच त्यांना चोर म्हणायचं, हे आपली बाजू लंगडी करणं आहे.

समोरच्या पंगतीलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. भारताचा कुठलाही शोध म्हटला की ज्यांच्या ओठावर तिरकं हसू उमटतं, ती मंडळी म्हणतात की युरोपात हे आधीपासून होतंच. हो, होतं. पंधराव्या शतकात सिसिलीतलं ब्रांका घराणं नाकं बसवत होतं आणि १५९७ मध्ये बोलोन्याच्या तालियाकोत्सीने त्यावर सचित्र ग्रंथ छापला. पण ती पद्धत दंडाच्या कातडीची. हात तोंडाला बांधून रोग्याला आठवडेच्या आठवडे ताटकळत ठेवायचं. अठरावं शतक उजाडेपर्यंत ती बाजूला पडली होती. कार्प्यूने जे उचललं ते कपाळाचं नाक, आणि ते इथलं होतं. फाजील अभिमानाला उत्तर म्हणून खरी गोष्टही नाकारायची, हा आळस आहे.

नाकावर इतकं लिहिलं, कारण तिथे कागद आहे. पण हीच तऱ्हा इतरत्रही आहे, आणि एका ठिकाणी तर ती जास्त ठसठशीत दिसते. उदयपूरच्या दक्षिणेला झावर नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या वस्तीत घरांच्या भिंती मातीच्या लांबट नळकांड्यांनी रचलेल्या आहेत. वांग्याच्या आकाराची ही भांडी म्हणजे जस्त गाळण्याच्या वापरून टाकलेल्या मुशी. रसरत्नसमुच्चय या ग्रंथात अशा मुशीला वृंताक मूषा, म्हणजे वांग्याची मूस, असंच नाव आहे.

जस्ताची अडचण अशी की ते ९०७ अंशांना उकळतं, आणि खनिजातून ते सोडवायला लागते त्याहून जास्त उष्णता. म्हणजे भट्टीत धातू तयार होतो तो वाफ होऊनच. लोखंडासारखा खाली साठत नाही. वाफ हवेत गेली की पेट घेते आणि पांढरी राख उरते. झावरच्या लोकांनी भांडं उलटं केलं. मूस भरायची, मिश्रणात मधोमध एक काडी खुपसायची, तोंडाला मातीची नळी जोडायची आणि तोंड खाली करून भट्टीच्या जाळीवर अशा छत्तीस मुशी बसवायच्या. जाळ वर. काडी जळून जाते, तिच्या जागी वाफेला वाट मिळते, वाफ खालच्या थंड कप्प्यात उतरते आणि तिथे धातू होऊन ठिबकते. मध्ययुगात हे काम तिथे कारखान्याच्या मापाने चाललं होतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने खाली वाफ उतरवून जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. १९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, हिंदुस्तान झिंक आणि बडोद्याचं विद्यापीठ यांनी मिळून झावरचा अभ्यास केला आणि १९८८ मध्ये अमेरिकन धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्या जागेला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

चँपियनला ही कल्पना झावरहून मिळाली का? तसा अंदाज करणारे आहेत, पण अंदाजाला मी दावा म्हणणार नाही. आपल्या घरात पितळेची भांडी असतात, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि तरी झावरचं नाव आपल्या यादीत नसतं. का नसतं? मला तरी कारण एकच दिसतं. काडी खुपसून मूस उलटी करणाऱ्याचा पुतळा करता येत नाही. त्याला दाढी आणि जटा लावता येत नाहीत.

पोलादाचंही असंच. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी इथल्या वूट्झ पोलादाचे नमुने रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्स यांना पाठवले, जॉर्ज पिअर्सनने १७९५ मध्ये त्यावर निबंध वाचला, पुढे मायकेल फॅरडेनेही त्या पोलादावर प्रयोग केले. ते पोलाद गाळणारे दक्षिणेतले कारागीर होते. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रम या गावी तर पोलाद घ्यायला इराणी व्यापारी येऊन राहत. या साऱ्या कागदांत निबंधकारांची नावं आहेत, भट्टीवाल्यांची नाहीत.

शून्याबद्दल थोडक्यात. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसा करायचा याचे नियम दिले, ही गोष्ट वादातीत आहे, आणि शून्याला शून्याने भागलं तर शून्यच येतं हा त्याचा नियम चुकीचा होता, हीही. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, १२०२ मध्ये फिबोनाचीने ती इटलीत नेली. सगळं ठीक. पण शून्याचं देशातलं प्रसिद्ध चिन्ह पाहायचं तर ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात, ८७६ सालच्या शिलालेखात जा. तिथे ते कुठल्या गणितज्ञाच्या सिद्धान्तात नाही. देवाला दिलेल्या फुलबागेच्या मापात, २७० हात या आकड्यात आहे, आणि रोज द्यायच्या ५० हारांच्या हिशोबात आहे. बागेची मापं घेणाऱ्यांच्या आणि हार मोजणाऱ्यांच्या अंगवळणी ते पडलेलं होतं, म्हणून तर ते दगडावर आलं. आपल्या नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात आकडे आहेत, पण दहा-शंभर-हजाराला वेगवेगळी चिन्हं आहेत, शून्य नाही. या दोन दगडांमधलं अंतर कापायला किती कारकून, सावकार, सुतार राबले असतील, ते कुठल्याच यादीत मावत नाही. आणि हा व्यवहार एकतर्फीही नव्हता. वराहमिहिराने यवनांना, म्हणजे ग्रीकांना, ते म्लेंच्छ असले तरी, ज्योतिषातल्या त्यांच्या जाणकारीसाठी ऋषींसारखा मान द्यावा असं लिहून ठेवलं आहे. त्याला हे म्हणताना लाज वाटली नाही.

मग विमान. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. त्याच्या काही महिने आधी, मुंबईतल्याच एका इस्पितळाच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी गणपतीच्या मस्तकाचा दाखला प्लास्टिक सर्जरीसाठी दिला. ज्या वैमानिक शास्त्राचा हवाला दिला जातो, ते सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकात सांगून उतरवून घेतलेलं पुस्तक आहे, आणि १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एच. एस. मुकुंद आणि सहकाऱ्यांनी ते तपासून त्यातली विमानं उडू शकत नाहीत हे दाखवून दिलं. याहून अधिक शब्द मी त्यावर खर्च करणार नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की ज्या शहरात गणपतीच्या मस्तकाचं उदाहरण दिलं गेलं, तिथून पुणं तीन तासांवर आहे, आणि खरंखुरं नाक पुण्याजवळ बसवलं गेलं होतं. ते उदाहरण द्यायला मात्र कुणाला सुचलं नाही.

‘अभिमान जरा जास्त झाला तर बिघडलं काय?’ असं विचारणारे भेटतात. बिघडतं, आणि पैशात बिघडतं. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याविरुद्ध झगडून १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतलं. ही लढाई अभिमानाने जिंकली नाही. जुने ग्रंथ आणि छापील वैद्यकीय निबंध पुढे ठेवून जिंकली. जखमेवर हळद दाबणाऱ्या आजीची साक्ष पेटंट कार्यालयात चालत नाही, कागद चालतो. पुढे पारंपरिक ज्ञानाचा जो डिजिटल संग्रह उभा राहिला, तोही मुख्यतः ग्रंथांवर उभा आहे. ज्यांचं ज्ञान ग्रंथात गेलंच नाही त्यांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

समजा, उद्या एखाद्या परदेशी कंपनीने मेणाच्या पत्र्याने माप घेऊन, काताच्या पट्ट्यांनी सांधा धरून कपाळाचं नाक बसवण्यावर हक्क सांगितला. आपला वकील उभा राहील. सुश्रुतसंहिता पुढे केली तर समोरचा म्हणेल, यात गाल आहे, कपाळ नाही. पान आहे, मेण नाही. मग त्याला पिशवीतून दुसरा पुरावा काढावा लागेल, आणि तो असेल लंडनच्या मासिकाचा, ऑक्टोबर १७९४ चा अंक.